इंजिनखालचं लाकूड

भाऊजी, तुमची तेरवी आटोपली. नागपूरकडचे पाहुणे काल दुपारच्या पॅसेंजरनं परत गेले. त्यांना बसवून दुर्ग स्टेशनाबाहेर आलो आणि सायकलला टेकून उभाच राहिलो. पाय उचलत नव्हता. तेरा दिवस कुणाला पाणी दे, कुणाच्या अंथरुणाचं बघ, दारात आलेल्या प्रत्येकाला तेच ते सांग, यातच गेले. पहिल्या पाळीवरून आले, एक बूट काढला, दुसरा काढायला वाकले ते वाकलेलेच राहिले. शंभर वेळा तरी हे सांगितलं असेल. सांगून सांगून त्यातलं तुमचं वाकणंही मला दिसेनासं झालं. आता घर रिकामं झालंय तर रडू येत नाही, नुसतं अंग मोडून येतं.

येणारे लोक तुमच्याविषयी एकच बोलायचे. सरळ माणूस होता. कामगारांच्या कॅम्पातले म्हणाले, कारखान्यातल्या तुमच्या शॉपमधले म्हणाले, दुर्गच्या देवळातले भजनवालेही म्हणाले. हे ऐकलं की मी काहीतरी निमित्त काढून मागच्या अंगणात जायचो. ताईला वाटायचं, मधूला सहन होत नाही. खरंच होत नव्हतं, पण तिला वाटत होतं त्या कारणानं नाही.

ताईचं तुमच्याशी लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. तुम्ही रेल्वेच्या वॅगनचे सुतार. पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा चहा येईपर्यंत तुम्ही दाराची चौकट बोटानं वाजवून पाहिलीत, आणि बाबांना म्हणालात की खालून वाळवी लागली आहे, पावसाळ्याच्या आत बघा. सासरी पहिल्यांदा आलेला जावई चौकटीला नावं ठेवतो म्हणून बाबा दोन दिवस घुश्श्यात होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकट उकरली. त्यानंतर आमच्याकडे खाटसुद्धा तुम्हाला विचारल्याशिवाय आली नाही. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळे मुलीकडे बघत होते आणि तुम्ही त्यांच्या पाटाखाली हात घालून बघत होतात. बाहेर आल्यावर म्हणालात, "पाट मनापासून केलेला आहे. मानसं बरी असतीन." माणसं बरी निघाली.

इथं भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहायला लागला तशी रेल्वेतली बरीच माणसं इकडे वळली. तुम्हीही आलात आणि पॅटर्न शॉपमध्ये लागलात. लोखंड ओतायचं तर आधी लाकडाचा साचा हुबेहूब करावा लागतो, ते तुमचं काम. मी नागपूरला डिप्लोमा पुरा केला तेव्हा तुमचं पोस्टकार्ड आलं, चार ओळींचं, की इथं मशिनी फार आणि माणसं कमी, ये. मी आलो. मोटर गॅरेजमध्ये डंपर आणि बुलडोझरांच्या इंजिनांवर लागलो. पहिलं दीड वर्ष तुमच्याच पत्र्याच्या क्वार्टरात राहिलो, ताईच्या हातचं जेवलो. तुम्हाला मराठी वाचता यायचं, हिशोबाला लागेल तेवढं हिंदी यायचं, इंग्रजी मुळीच नाही. माझा डिप्लोमा तुम्ही काचेत लावून घेतलात. चौकट स्वतः केलीत, कोपऱ्यांना एकही खिळा नाही.

बोटीचं सगळं त्यानंतरचं.

मरोद्याच्या तलावावर बोट क्लब काढायचं साहेब लोकांच्या मनात आलं होतं. रशियन इंजिनिअर आणि त्यांच्या बायका सुटीच्या दिवशी तिथं पोहायला जायच्या. त्यांच्यातल्या कुणीतरी सांगितलं की आमच्याकडे पायाला लांब फळ्या बांधतात, बोटीला बांधलेला दोर धरतात आणि बोट पळाली की माणूस पाण्यावरून उभा घसरत जातो. मग तशी बोट हवी झाली. रायपूरच्या एका ठेकेदाराकडे जुन्या संस्थानाच्या तलावावरची एक बोट पडून आहे असा पत्ता लागला. क्लबचं काम बघणाऱ्या साहेबांनी मला बोलावलं, कारण बोटीत इंजिन होतं. तुम्हाला बोलावलं, कारण बोट लाकडाची होती. दोघांनी जाऊन तपासा आणि एक रिपोर्ट द्या, इतकंच.

राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये ती लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. अठरा फुटांची असेल. वार्निश असं की त्यात शेडचे पत्रे दिसत होते. मी आत चढून सरळ इंजिनपाशी गेलो. ते मागे टांगलेलं नव्हतं, बोटीच्या पोटात बसवलेलं होतं, वर लाकडी पेटी. पेटी उघडली आणि माझं भान गेलं, भाऊजी. सहा सिलिंडर एका ओळीत. ऑईल काढून बोटांवर चोळलं, पाण्याचा अंश नाही. हातानं फिरवून पाहिलं, दाब भरपूर. ट्रकची बॅटरी जोडली, थंड करायला नळीनं पाणी सोडलं आणि ते दुसऱ्या झटक्याला सुरू झालं. आवाज ऐकून मिलचे हमाल गोळा झाले. डंपरांच्या चिखलात हात घालून घालून मी कंटाळलो होतो. त्या क्षणी मला ती बोट भिलाईला हवी झाली. साहेबांच्याही आधी मला हवी झाली, हे आज कबूल करतो.

तुम्ही तोवर बोटीला हातही लावला नव्हता. दोन फेऱ्या मारल्यात. मग खाली वाकून पुढच्या टोकापासून मागपर्यंत कण्याला सुतळी लावलीत आणि एक डोळा मिटून पाहिलंत. कणा सरळ होता. स्क्रूवरची दोन लाकडी बुचं काढून पाहिलीत, आत पितळ होतं. तळाला फळ्यांचे दोन थर, मध्ये तेलात भिजवलेलं कापड, आणि एकाही फळीचा जोड खालच्या जोडावर आलेला नाही, हे तुम्ही मला बोट लावून लावून दाखवलंत. कुणा परक्या देशातल्या माणसानं केलेलं काम, पण तुमचा चेहरा असा झाला होता जसा कुणी सोयरा भेटला. "बनवणारा मोठा माणूस होता," म्हणालात.

मग तुम्ही आतल्या तळफळ्या उचलल्यात. त्यांच्याखाली बोटीच्या लांबीभर दोन जाड तुळया होत्या. त्यांच्यावरच इंजिनचे बोल्ट आणि त्यांच्यातच तो पितळी खांब रोवलेला, ज्याला माणसाला ओढायचा दोर बांधायचा. तुम्ही हातोडीच्या दांड्यानं पुढून ठोकत आलात. आवाज खणखणीत येत होता. इंजिनच्या मागच्या बोल्टापाशी तो बसला. तुम्ही थांबलात, परत ठोकलंत. खांबाच्या बुडाशीही तसाच. वरून तिथलं लाकूड इतर लाकडासारखंच गुळगुळीत, तेवढंच चकचकीत. तुम्ही पिशवीतून टोच्या काढून नुसता टेकवलात आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर आली ती पुट्टी. भुसा आणि सरस कालवून, रंग मिळवून भरलेली. तिच्याखाली जुन्या ओल्या बारदानाचा वास. माझा हात धरून तुम्ही माझं बोट त्या भोकात घालायला लावलंत. आत काहीच नव्हतं.

"बनवली चांगली आहे," तुम्ही म्हणालात. "ठेवली नाई."

मी म्हणालो की दोन लोखंडी पट्ट्या मारल्या की काम होईल. तुम्ही मान हलवलीत. "इंजिन पुढं ओढते, दोर मागं ओढते, अन् मधात हे कुजकं. एक दिवस बोल्ट उपटन, शाफ्ट वाकडा होईन अन् तळ फाडन. पान्यात मानसं असतीन, मधू."

परतीच्या गाडीत तुम्ही सांगत गेलात आणि मी वहीत पेन्सिलीनं लिहीत गेलो. इंजिन काढून दोन्ही तुळया नव्या टाकल्याशिवाय बोट पाण्यात घालू नये. हे वाक्य तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून घेतलं. "इंजन कैसा है?" मी म्हणालो, बहुत बढ़िया. "और बॉडी?" इथं मी थांबलो. त्यांनी धमकी दिली नाही की आमिष दाखवलं नाही. फक्त टेबलावरचे कागद सारखे करत म्हणाले की मोठी दुरुस्ती निघाली तर बोट मंजूर होणार नाही, किरकोळ असेल तर याच महिन्यात मंजुरी मिळेल. त्यांच्याच हातात सेक्टरमधल्या पक्क्या क्वार्टरांची यादीही होती आणि माझं लेकरू पत्र्याखाली उन्हाळा काढत होतं, हेही खरं. पण नुसतं तेच कारण होतं असं म्हटलं तर मी स्वतःला सोडवून घेतल्यासारखं होईल. मला ते इंजिन हवं होतं. आणि मनाच्या कोपऱ्यात असंही होतं की तुम्ही सुतार, तुम्हाला सगळीकडे कुजकंच दिसतं.

मी टाइपबाबूकडून इंग्रजीत लिहून घेतलं. इंजिनवर पाऊण पान. बोटीच्या अंगाबद्दल एक ओळ, की एकंदरीत मजबूत, किरकोळ दुरुस्ती लागेल. खाली दोघांची नावं.

कागद घेऊन तुमच्याकडे शॉपमध्ये आलो. तुम्ही रंधा बाजूला ठेवलात, हाताचा भुसा पँटला पुसलात. इंग्रजी कागद तुम्ही उलटसुलट करून पाहिलात, जसं लहान मूल पाहतं. मग विचारलंत, "सारं लिहिलं ना रे?"

"लिहिलं," मी म्हणालो.

तुम्ही मराठीत, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केलीत.

त्यानंतर चार-पाच महिने तुम्ही बोटीचं नाव काढलं नाही. तुमच्या हिशोबी ती गोष्ट तिथंच संपली होती. मला सेक्टरमध्ये क्वार्टर मिळालं. ताई माझ्या बायकोला घर लावून द्यायला आली, तुम्ही खिडक्या वाजवून गेलात.

बोट येऊन मरोद्याला उतरली तेव्हा तुमच्या शॉपमध्ये पाळ्यांची गडबड होती, तुम्हाला कळलंच नाही. रविवारी सकाळी क्लब सुरू व्हायचा होता. कामगारांच्या घरच्यांनाही एकेक फेरी द्यायची असं साहेबांनी जाहीर केलं होतं, म्हणून बायका-पोरांची ही गर्दी. काठावर ताडपत्रीचा मांडव, सरबताच्या टाक्या. चालवणारा मी. पांढरा शर्ट घालून आलो होतो. पहिल्या फेरीच्या रांगेत ताई होती, तुमच्या दोन्ही मुली होत्या, माझी बायको लेकराला कडेवर घेऊन होती. तुम्ही रात्रपाळी करून उशिरा आलात. डोळे लाल. बोट पाहिलीत आणि क्षणभर थबकलात. मग चपला काठावर काढून, गुडघाभर पाण्यातून आत चढलात आणि मागची तळफळी उचललीत.

पुट्टी जशीच्या तशी होती. तुमच्या टोच्याच्या भोकावर तेवढा नवा रंग.

तुम्ही वर पाहिलंत. मी दोर धरून उभा होतो. अगदी हळू, मलाच ऐकू जाईल एवढ्यानं विचारलंत, "रिपोर्टात काय लिहिलं होतं?"

मी दोर मनगटाला गुंडाळत राहिलो.

"मधू. काय लिहिलं होतं?"

"चांगली आहे असं लिहिलं, भाऊजी."

तुम्ही रांगेकडे बघितलंत. तुमची धाकटी ताईचा पदर ओढून बोट दाखवत होती. तुम्ही फळी परत खाली ठेवलीत, नीट बसवलीत, आणि पाण्यातून चालत सरळ साहेबांपुढे जाऊन उभे राहिलात. ओली पँट, अनवाणी. मोठ्यांदा म्हणालात, सगळ्या मांडवाला ऐकू गेलं, "साहब, ये नाव नहीं चलेगी. नीचे का लकड़ा सड़ा है."

साहेबांना आधी कळेना. मग त्यांनी सगळ्यांसमोरच विचारलं की रिपोर्टवर तुझी सही आहे, त्या दिवशी काय पाहिलंस. मी दहा पावलांवर होतो. तोंड उघडलं असतं तर तेवढ्यात झालं असतं. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. म्हणालात, "मेरे से चूक हुई. पुट्टी भरा था, पकड़ में नहीं आया."

लोक हसले. कुणीतरी मागून म्हणालं, सुताराला पुट्टी ओळखू येत नाही. साहेब जे बोलले ते इथं लिहीत नाही, तुम्ही ऐकलंच आहे. ताईनं मुलींची मनगटं धरली आणि रांगेतून बाहेर पडली. तुम्हा चौघांना मी कॅम्पाच्या रस्त्यानं चालत जाताना पाहिलं. दोर माझ्या हातातच होता.

तुम्हाला लेखी ताकीद मिळाली. त्या वर्षी चार्जमनच्या बढतीच्या यादीत तुमचं नाव जाणार होतं, ते गेलं नाही. पुढंही गेलं नाही.

बोट दुरुस्त करायचं काम तुमच्यावरच आलं, शिक्षा म्हणून. ड्युटी करून, सुटीच्या दिवशी, तलावाकाठच्या शेडमध्ये. इंजिन काढायला मी लागणारच होतो. सरईच्या तीन बल्ल्या, लांब वासे, उभे करून, साखळीच्या कप्पीनं इंजिन वर घेतलं. तुम्ही पहिल्या दिवशी मला पाना मागितलात आणि मी दिला, आणि तसेच दोन महिने गेले. कामाखेरीज बोलणं नाही. रागही नाही. त्यापेक्षा तुम्ही मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुळयांसाठी बीजा झाडाचं लाकूड तुम्ही लाकडाच्या वखारीत तीनदा जाऊन निवडलंत. जुन्या तुळईच्या कापांवरून एकेक खाच उतरवून घेतलीत. त्या परक्या माणसानं जिथं जो गोल दिला होता, तो तसाच ठेवलात. माझ्यापेक्षा त्याच्याशीच तुमचं जास्त बोलणं चालू असावं.

एकदाच आपण भांडलो. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत बसवायचे तर मी काठावरच बसवून मोकळा होणार होतो. तुम्ही म्हणालात की नाही, आधी बोट आठ दिवस पाण्यात ठेव. लाकूड पाणी पितं, फुगतं, मग त्याची रेघ वेगळी होते. मी म्हणालो, हे मशीन आहे, माप माप असतं. तुम्ही ऐकलं नाही. आठ दिवसांनी पाण्यातच मी इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या दोन चकत्यांच्या मध्ये मापाची पत्ती घातली आणि रेघ खरंच हलली होती, केसाएवढी. मी मान्य केलं. तेव्हा मला जरा धीर आला आणि मी म्हणालो, "भाऊजी, त्या रिपोर्टाचं मी साहेबांना जाऊन सांगतो."

तुम्ही पान्यानं बोल्ट आवळत होतात. आवळून झाल्यावर म्हणालात, "कागद तुहा, पन सही माही आहे. वाचता येत नाई त्या कागदावर सही केली, थे माही चूक. तू कायले सांगतं?"

हा वाद आपला कधी पुरा झाला नाही. मी तेव्हा गप्प राहिलो, कारण ते उत्तर मला सोयीचं होतं. पण मला ते पटलं नव्हतं, आजही पटत नाही. ज्याच्या डिप्लोम्याला स्वतःच्या हातानं चौकट केली, त्याच्या लिहिण्यावर सही करणं ही चूक कशी? तुम्ही अडाणी नव्हता, भाऊजी. तुम्ही माझ्यावर भरवसा टाकला होता. त्याला चूक म्हणून तुम्ही मला सोडून दिलंत, आणि सुटलेला माणूस म्हणून मी इतकी वर्षं तुमच्या घरी दिवाळीला जेवलो.

बोट चालली. अजून चालते. पहिल्यांदा एक रशियन बाई दोर धरून पाण्यावर उभी राहिली तेव्हा सगळा काठ तिच्याकडे बघत होता, आणि तुम्ही मागं वळून इंजिनच्या पेटीकडे. खांब हलला नाही. तुम्ही एकदा मान डोलावलीत आणि सायकल काढलीत. त्या बोटीत तुम्ही कधी बसला नाहीत. मी कितीदा म्हटलं.

काल स्टेशनावरून मी घरी गेलो नाही, ताईकडे गेलो. ती अंगणात चादरी वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं, सहीपासून. ती चादर तशीच हातात धरून ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर म्हणेल जाऊ दे आता. ती म्हणाली, "मी त्या दिवशी यायच्यावर चिडली होती. लोकायसमोर मान खाली घालाले लावली म्हणून. आठ दिवस बोलली नाई यायच्याशी."

मग चादर दोरीवर टाकून म्हणाली, "मले कावून सांगून राहिला? ज्यायच्यासमोर थे उभे होते, त्यायले सांग." आणि आत गेली. पाणीसुद्धा विचारलं नाही.

ते साहेब केव्हाच बदलून गेले. मांडवातले लोक पांगले. उरला तुमचा शॉप. आज सकाळी चहाच्या सुटीत तिथं गेलो. फोरमनला विचारून तुमच्या टेबलापाशी उभा राहिलो आणि आठ-दहा जणांना सांगितलं. हिंदीत सांगितलं, अडखळत. की पुट्टी त्यांनी पहिल्याच दिवशी धरली होती, खोटं मी लिहिलं होतं. मग बिसाहू, तुमच्या हाताखाली शिकून शेजारच्या टेबलावर लागलेला, चहाचा ग्लास खाली ठेवून छत्तीसगढीत म्हणाला, "हमन ओला पुट्टी मिस्त्री कहत रहेन."

मला समजलंच नाही. त्यानं परत सांगितलं. त्या रविवारनंतर शॉपमध्ये तुमचं नाव पुट्टी मिस्त्री पडलं होतं. हाक मारायची तर पुट्टी, चहा द्यायचा तर पुट्टी. नाव बिसाहूनंच पाडलेलं. "ओ हाँसत रहिस," तो म्हणाला. ते हसायचे. "तैं जानत रहेस?"

मी नाही म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. तुम्ही घरी कधी सांगितलं नाही, आणि माझं गॅरेज अर्ध्या मैलावर.

तुमची हत्यारांची पेटी घरी न्यायची होती. बिसाहूनं ती टेबलाखालून ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगानं मोठ्या अक्षरात तेच नाव लिहिलेलं. अक्षरही त्याचंच. मी हात पुढे केला तसा त्यानं मला थांबवलं. पेटी टेबलावर चढवली, रंधा घेतला आणि झाकणावरून चालवायला लागला. भोंगा झाला, बाकीचे कामाला लागले, तो चालवतच राहिला. पांढऱ्या रंगाचे कपचे पडत गेले. शेवटी त्यानं तळहात फिरवून पाहिला आणि पेटी माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही.

सायकलच्या मागे बांधून संध्याकाळी ताईकडे नेली. तिनं ती दिव्याजवळ ठेवली. झाकणावर मधोमध लाकूड उघडं पडलंय, बाकीचं काळवंडलेलं, ते लपण्यासारखं नव्हतं. तिनं विचारलं, "इथं काय होतं?"

खोटं बोलायला माझ्यात त्राण नव्हतं. सांगितलं, काय लिहिलं होतं ते, आणि कुणी काढलं तेही.

ताईनं त्या उघड्या जागेवरून हात फिरवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश, दोनदा. मग म्हणाली, "कुठी खड्डा नाई की उंचवटा नाई. रंधा चांगला चालवते तो. यायनंच शिकवला असन."

मी म्हणालो, हो, त्यांच्याच हाताखाली शिकलाय.